रीडर कुठला, होस्टिंग कुठलं: एका त्रैमासिकाचं प्रकरण

बाईंचा फोन आला तेव्हा त्यांच्यासमोर दोन कागद होते. एक होस्टिंग कंपनीच्या ईमेलचा प्रिंट. तुमची साइट ज्या सर्व्हरवर आहे तो आम्ही बंद करतोय, ३० दिवसांत दुसरी सोय करा, असा मजकूर. दुसऱ्या कागदावर त्यांनी स्वतःच्या अक्षरात चार ई-रीडरांची, म्हणजे पुस्तकं वाचायच्या यंत्रांची, नावं लिहिली होती आणि प्रत्येकापुढे प्रश्नचिन्ह काढलं होतं.

"तू यातला आहेस," त्या म्हणाल्या. "मला दोनच नावं सांग. कुठला रीडर आणि कुठलं होस्टिंग. परवाच्या बैठकीत ठेवते आणि मोकळी होते."

बाई म्हणजे माझ्या शाळेतल्या मराठीच्या बाई. निवृत्तीनंतर त्या एका अभ्यासमंडळाच्या त्रैमासिकाचं संपादन बघतात. पैसा वर्गणीचा, काम हौसेचं, संपादकीय मंडळात पाच जण आणि संगणकातलं थोडंफार कळणारा त्यातला एकच. ३५ वर्षांचे १४० अंक साइटवर पीडीएफ स्वरूपात होते. बहुतेक वाचक वयानं मोठे. "फोनवर वाचवत नाही" ही तक्रार प्रत्येक बैठकीत ठरलेली. म्हणून पाच ई-रीडर घ्यायचे, त्यात सगळे जुने अंक भरायचे आणि सभासदांना आळीपाळीनं वाचायला द्यायचे, असा बेत शिजत होता. त्यातच होस्टिंगवाल्यांची नोटीस आली.

दोन नावं सांगायला मला दोन मिनिटंही लागली नसती. सांगितली असती तर दोन्ही चुकली असती. अशी प्रकरणं मी बरीच बघतो, आणि बहुतेक ठिकाणी हेच होतं. माणसं वस्तूपासून सुरुवात करतात. कुठली चांगली, कुठली टिकाऊ, कुठल्याला जास्त तारे मिळालेत. आपल्या हातात काय आहे, याची मोजदाद मागे पडते.

"बाई, नावं सांगतो. पण आधी मला एक जुना अंक आणि साइटचा पासवर्ड लागेल."

"अंक देते. पासवर्ड त्या मुलाकडे असणार, ज्यानं साइट करून दिली होती."

या वाक्याकडे मी तेव्हाच नीट लक्ष द्यायला हवं होतं. ते पुढे येईलच.

झेरॉक्सवरची चाचणी

अंक ए-४ आकाराचा, दोन स्तंभांचा, ६४ पानांचा. बाईंच्या यादीतले तीन रीडर सहा इंची होते. सहा इंच हे माप कर्णाचं. प्रत्यक्ष पडदा साधारण ९ सेंटिमीटर रुंद आणि १२ सेंटिमीटर उंच असतो. ए-४ पान २१ सेंटिमीटर रुंद. म्हणजे पानाची अख्खी रुंदी पडद्यावर बसवली की पान ४३ टक्क्यांवर येतं. ११ पॉइंटचा मजकूर पावणेपाच पॉइंटांचा होतो आणि ८ पॉइंटच्या तळटिपा साडेतीनच्या.

हा हिशेब तोंडी सांगून कोणालाच पटत नाही. म्हणून मी झेरॉक्सच्या मशीनवर अंकाचं एक पान ४३ टक्क्यांवर काढलं, दुसरं ७५ टक्क्यांवर. १०.३ इंची पडद्यावर रुंदीला बसवलेलं ए-४ पान तेवढं दिसतं. दोन्ही कागद बैठकीत फिरवले. पहिला कागद हातात घेऊन बाईंनी चष्मा काढला, पुन्हा घातला, खिडकीपाशी गेल्या आणि कागद टेबलावर ठेवून दिला. ७५ टक्क्यांचा कागद वाचता आला, पण तळटिपांपाशी दोघं अडले. आणि हा झेरॉक्स कागदाची घडी सपाट करून स्वच्छ काढलेला होता. साइटवरचे पहिले चाळीसेक अंक खिळे जुळवून छापलेले, नंतर स्कॅन केलेले, पार्श्वभूमी करडी, कडेला घडीची सावली. ई-इंकच्या, म्हणजे अशा रीडरांच्या कागदासारख्या, पडद्यावर ते याहून फिके दिसणार.

"पान मोठं करून वाचता येतं की," मंडळातले एक गृहस्थ म्हणाले. येतं, आणि गंमत म्हणजे या अंकाचा एक स्तंभ सहा इंची पडद्यावर जवळजवळ मूळ आकारात बसतो. पण मग प्रत्येक स्तंभ दोन-तीनदा खाली सरकवायचा, वर जायचं, दुसऱ्या स्तंभावर यायचं. एका पानाला पाचेक हालचाली, ६४ पानांना तीनशेच्या वर. ई-इंकची रचना अशा सरकासरकीसाठी नाही. त्या पडद्यात सूक्ष्म कुप्या असतात, कुपीत विद्युतभारित पांढरे आणि काळे कण. विजेच्या इशाऱ्यावर ते वर-खाली होतात आणि मग वीज नसली तरी जागेवर राहतात. म्हणून उन्हात कागदासारखं वाचता येतं आणि बॅटरी दिवसच्या दिवस पुरते. पण चित्र बदलायला वेळ लागतो. एक पान वाचलं, उलटलं, पुढचं वाचलं, या लयीत तो पडदा सुखाचा आहे. पान इकडून तिकडे ओढत राहिलं की आधीच्या अक्षरांची भुतं मागे रेंगाळतात आणि वाचणारा कंटाळतो.

रंगीत पडद्याचा आग्रहही एकांनी धरला. बाजारात बऱ्याच रीडरांमध्ये दिसणाऱ्या कॅलिडो ३ या रंगीत ई-इंक पडद्याची घनता काळ्या मजकुराला इंचाला ३०० ठिपके आणि रंगाला १५० आहे. वर रंगाची गाळणी बसवलेली असल्यानं पांढरा भागही थोडा मळकट दिसतो. अंकात रंगीत असतं फक्त मुखपृष्ठ. त्या एका पानासाठी बाकीची ६३ पानं मळवणं मला योग्य वाटलं नाही, आणि हे मी बैठकीत स्पष्ट बोललो.

उरला मोठा, १०.३ इंची रीडर. किंमत कैक पट, वजन जास्त, हातातून हातात फिरताना पडायचं भय जास्त. आणि तळटिपा तरीही अडणारच. तेव्हा बाईंनी तो प्रश्न विचारला, ज्यानं प्रकरणाची दिशा बदलली: "म्हणजे गडबड यंत्रात नाही, आपल्या अंकात आहे?"

पान की मजकूर

गडबड अंकात नव्हती, फाइलीत होती. पीडीएफ हे छापील पानाचं चित्र जसंच्या तसं जपतं. छपाईला ते हवंच. पण लहान पडद्यावर वाचायला पान नको, मजकूर हवा. ईपब या दुसऱ्या प्रकारच्या फाइलीत मजकूर पडद्याच्या रुंदीप्रमाणे वाहतो आणि अक्षराचा आकार वाचणारा ठरवतो. ईपब फाइल आतून बघितली तर ती वेबपानांची झिप केलेली पेटी असते. हे प्रमाण आज डब्ल्यू३सी या वेबची प्रमाणं ठरवणाऱ्या संस्थेकडे आहे, त्याची ३.३ ही आवृत्ती २०२३ सालची. कुठल्या एका दुकानाच्या मालकीचं नाही.

मग १४० अंकांची मोजदाद केली. ही मी पहिल्या दिवशीच करायला हवी होती. तीन ढीग निघाले. शेवटचे चाळीस अंक युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या यंत्रांना कळणाऱ्या एकाच अक्षर-संकेतात, जुळवलेले, त्यांचं ईपब करणं सोपं. मधले साठ डीटीपीच्या, म्हणजे संगणकावरच्या जुळणीच्या, सुरुवातीच्या काळातले, युनिकोडपूर्व फाँटांतले. पडद्यावर मराठी दिसतं, पण मजकूर उचलून दुसरीकडे चिकटवला की रोमन अक्षरं आणि चिन्हांचा काला होतो. प्रत्येक फाँटची स्वतःची सांकेतिक मांडणी असल्यानं त्या त्या फाँटचा कन्व्हर्टर चालवावा लागतो आणि नंतर मुद्रितं तपासावीच लागतात. उरलेले चाळीस फक्त चित्रं. त्यांना ओसीआर, म्हणजे चित्रातली अक्षरं ओळखून मजकूर करणारं सॉफ्टवेअर. टेसरॅक्ट हे मुक्त ओसीआर मराठी ओळखतं, पण तुटक्या खिळ्यांच्या जोडाक्षरांवर अडखळतं.

हे महिन्याभरात होणारं काम नव्हे, हे सगळ्यांना दिसत होतं. पण ते करायचं ठरलं, तेव्हाच रीडरचा निकाल लागला. मजकूर वाहता असेल तर सहा-सात इंची साधा, काळा-पांढरा, ३०० ठिपक्यांचा रीडर पुरतो. पाच मोठे घ्यायची गरज संपली. लहान दोन घेतले. एक संपादकांना मुद्रितं वाचायला, एक सभासदांत फिरवायला.

खरेदीपूर्वी दोन ओळखीच्यांचे रीडर मागून आणले आणि त्यांवर एक चाचणीचं पान उघडलं. पानावर मुद्दाम अडचणीचे शब्द होते: दुसऱ्या, ऱ्हस्व, वैशिष्ट्य, कार्त्स्न्य, उद्ध्वस्त, शृंगार. एका यंत्रावर 'दुसऱ्या'मधला अर्धा र मोडून नुक्त्याचा र, हलन्त आणि य असे वेगळे पडले. दुसऱ्यावर सगळं नीट, पण ल आणि श हिंदी वळणाचे आले. बाईंनी ते एका नजरेत पकडलं. "हा ल आपला नाही." उपाय दोन होते आणि दोन्ही केले. फाइलीत भाषा मराठी असल्याची खूण घातली आणि मराठी वळणाचा ल-श असलेला, पुनर्वितरणाची मोकळीक देणारा फाँट ईपबमध्येच बसवला. ओळी दोन्ही कडांना ताणणंही बंद केलं, कारण लांब मराठी शब्द रीडर तोडत नाही आणि अरुंद पडद्यावर शब्दांमध्ये खिंडारं पडतात.

देवनागरी वाचण्यासाठी रीडर घेणाऱ्या प्रत्येकानं असं एक पान खिशात ठेवावं, असं मला मनापासून वाटतं. कुठल्याही परीक्षणात ही ओळ सापडत नाही.

शेवटची चाळणी होती ती फाइल आत-बाहेर जाण्याची. कोबो आणि पॉकेटबुक ईपब थेट उघडतात, केबल लावून फाइल टाकता येते. किंडलला ती ऍमेझॉनच्या पाठवणी-सेवेतून द्यावी लागते. ही सेवा २०२२पासून ईपब घेते आणि आपल्या स्वरूपात बदलून यंत्रावर पोचवते. मंडळाचं साहित्य स्वतःचं आणि नक्कल रोखणाऱ्या कुलपाविना, त्यामुळे तिन्ही चालले असते. तरी मी थेट उघडणाऱ्याकडे झुकलो. २००९ साली ऍमेझॉननं विकलेली काही पुस्तकं वाचकांच्या किंडलमधून दुरूनच काढून घेतली होती. मायक्रोसॉफ्टनं २०१९मध्ये पुस्तकविक्री बंद केली तेव्हा घेतलेली पुस्तकं उघडेनाशी झाली, पैसे मात्र परत दिले. फेब्रुवारी २०२५मध्ये ऍमेझॉननं, वाचकानं विकत घेतलेलं पुस्तक संगणकावर उतरवून केबलनं यंत्रात टाकायची सोयही काढली. फिरत्या वाचनालयाचं यंत्र कोणा एकाच्या खात्याला बांधलेलं नसावं, एवढाच माझा मुद्दा होता.

३० दिवसांतला दुसरा कागद

होस्टिंगच्या बाबतीत मात्र मोजदादीची वाट बघता येत नव्हती. निवड नंतर, आधी सगळं घरी आणायचं, असं पहिल्याच रात्री ठरवलं. नियंत्रण पॅनलमध्ये 'बॅकअप' नावाचं बटण होतं आणि त्यात दर आठवड्याची नोंद दिसत होती. बाई निश्चिंत होत्या. पण त्या बॅकअपच्या फाइली त्याच खात्यात, त्याच सर्व्हरवर पडून होत्या. घर आणि घराची दुसरी किल्ली, दोन्ही एकाच कुलपाच्या आत.

सर्वांत ताजी फाइल उतरवून उघडली. साइटचा मजकूर ज्यात साठवलेला असतो त्या डेटाबेसच्या अशा फाइलीच्या अगदी शेवटी काम पूर्ण झाल्याची एक ओळ असते, तारखेसकट. इथे शेवटची ओळ एका लेखाच्या मधोमध तुटली होती. अर्धं वाक्य, पुढे काही नाही. मागचा आठवडा बघितला, तोही तिथेच तुटलेला. सर्व्हरनं प्रत्येक कामाला ठरावीक सेकंद दिलेले असतात. साइट वाढली, सगळा मजकूर फाइलीत उतरवणं त्या वेळेत बसेना, आणि दर आठवड्याला अर्धवट फाइल हिरव्या खुणेसह जमा होत राहिली. आम्ही डेटाबेसमधलं एकेक टेबल, म्हणजे कोष्टक, वेगळं उतरवलं, प्रत्येक फाइलीची शेवटची ओळ डोळ्यांनी पाहिली आणि मगच झोपलो.

हे लहान मंडळांनाच होतं असं नाही. ३१ जानेवारी २०१७ला गिटलॅब या कंपनीच्या एका अभियंत्याच्या हातून चालू डेटाबेस पुसला गेला, तेव्हा त्यांच्या बॅकअपच्या अनेक व्यवस्थांपैकी एकही ऐनवेळी धड चालली नाही. सुमारे सहा तासांची माहिती कायमची गेली. मार्च २०२१मध्ये स्ट्रासबुर्गमधल्या ओव्हीएच या होस्टिंग कंपनीच्या डेटा सेंटरला आग लागली आणि एक अख्खी इमारत जळाली. ज्यांचा बॅकअप त्याच आवारात होता त्यांच्यापैकी अनेकांना परत काही मिळालं नाही.

आता निवड. मंडळातल्या संगणक कळणाऱ्या सदस्याला व्हीपीएस हवा होता. म्हणजे मोठ्या सर्व्हरचा स्वतःपुरता वेगळा काढलेला भाग, त्यात हवं ते बसवता येतं, क्षमतेच्या मानानं स्वस्त. मी त्याला एकच विचारलं, पुढच्या तीन वर्षांत त्या सर्व्हरचे सुरक्षा-अपडेट कोण टाकणार? त्यानं प्रामाणिकपणे सांगितलं की पुढच्या वर्षी तो इथे असेल का, हेच त्याला माहीत नाही. पर्याय तिथेच बाद झाला. व्हीपीएस वाईट नाही, त्याला एक माणूस लागतो, आणि तो माणूस दरपत्रकात दिसत नाही.

दुसरा पर्याय म्हणजे कंपनीनंच सांभाळलेलं वर्डप्रेस, साइट चालवायचं तयार सॉफ्टवेअर. सोयीचं, पण साइटवर खरोखर बदलतं काय? वर्षातून चारदा नवा अंक. बाकी सगळं स्थिर. टिप्पण्यांचा रकाना होता, त्यात गेली दोन वर्षं जाहिरातींशिवाय काही आलं नव्हतं. वर्गणीचा अर्ज होता, पण सभासद तसेही ईमेलच करत होते. मग प्रत्येक वाचकासाठी डेटाबेस उघडून पान नव्यानं बांधायचं कारण काय? आम्ही साइट स्टॅटिक केली. पानं एकदाच तयार करून ठेवायची, सर्व्हरनं ती फक्त हातात द्यायची. डेटाबेस नाही, प्लगइन म्हणजे वरून जोडलेली सॉफ्टवेअरं नाहीत, घुसखोराला धरायला फटी फार थोड्या. शिवाय अख्खी साइट म्हणजे एक फोल्डर. उचलला आणि कुठल्याही होस्टिंगवर ठेवला की चालू. टिप्पण्यांचा रकाना गेला याचं एका सदस्याला वाईट वाटलं, आणि ते मी समजू शकतो.

ज्या फाइलींनी रीडरचा प्रश्न सोडवला त्यांनीच होस्टिंगचाही भार हलका केला. स्कॅन केलेला एक अंक ३० एमबीच्या आसपास, त्याचंच ईपब एक एमबीच्या आत. हजार वाचकांनी उतरवलं तर एकीकडे ३० जीबी वाहतूक, दुसरीकडे एक जीबीसुद्धा नाही. 'अमर्याद' लिहिलेल्या योजनांकडे मग बघायचीच गरज उरली नाही. अमर्याद जागेच्या योजनेतही फाइलींच्या संख्येवर किंवा प्रक्रियेच्या वेळेवर मर्यादा असते. आमचे बॅकअप तुटले ते अशाच मर्यादेनं.

९९.९ टक्के उपलब्धतेचं आश्वासन हवं की ९९.९९, यावर बैठकीत बराच वेळ गेला. ९९.९ म्हणजे वर्षाला पावणेनऊ तास बंद, ९९.९९ म्हणजे साधारण ५३ मिनिटं. त्रैमासिकाला पावणेनऊ तासांनी काही होत नाही. आणि आश्वासन मोडलं तर मिळते ती बहुधा बिलातली सूट, हे करारात वाचून दाखवल्यावर चर्चा आपोआप थांबली. त्यापेक्षा करारातली दुसरी ओळ मी लाल पेननं अधोरेखित केली होती: पहिल्या मुदतीनंतरचा नूतनीकरणाचा दर. पहिल्या वर्षाचा मोठ्या अक्षरातला आकडा बघून घेतलेली योजना दुसऱ्या वर्षी डोईजड होते, म्हणून आम्ही सगळ्या योजना तीन वर्षांच्या बेरजेवर तोलल्या. क्रम बराच बदलला.

डोमेन

आणि मग तो मुलगा. साइट करून देताना त्यानं डोमेन, म्हणजे साइटचा पत्ता, स्वतःच्या नावावर, स्वतःच्या कॉलेजच्या ईमेलवर नोंदवलं होतं. मनात काही काळंबेरं नव्हतं, घाईत तसं झालं. कॉलेज सुटलं, ईमेल बंद झाला. डोमेनबद्दलच्या सूचना आठ महिने कोणाच्याही न उघडणाऱ्या पेटीत जात होत्या. डोमेनची मुदत संपायला साडेतीन महिने उरले होते.

साइट गेली तर पुन्हा बांधता येते. ३५ वर्षांच्या अंकांवर छापलेला पत्ता गेला आणि दुसऱ्या कोणी घेतला तर तो परत मिळेलच असं नाही. सगळ्या प्रकरणात मी खरा घाबरलो तो इथेच.

मुलगा सापडला, लाजला, मदतीला धावला. ओळखपत्रं, पत्र, पुन्हा पत्र, असं करत अकरा दिवसांनी मालकाची नोंद मंडळाच्या नावावर आली. सदस्यांना वाटत होतं की साइट हलवायची तर डोमेनही नव्या कंपनीकडे न्यावं लागेल. तसं नसतं. डोमेनची नोंदणी, होस्टिंग आणि ईमेल या तीन वेगळ्या गोष्टी आहेत, एकाच बिलात आल्या की एक वाटतात. मालकाची नोंद बदलली की अनेक ठिकाणी ६० दिवस डोमेन दुसरीकडे नेता येत नाही, आणि आमच्याकडे तेवढे दिवस नव्हते. म्हणून डोमेन जिथे होतं तिथेच ठेवलं, फक्त त्याच्या डीएनएसच्या नोंदी, म्हणजे ते कुठल्या सर्व्हरकडे बोट दाखवतं ते सांगणारी यादी, नव्यानं मांडल्या. बदलाच्या दोन दिवस आधी त्या नोंदींचा टीटीएल, म्हणजे नोंद किती वेळ लक्षात ठेवायची तो आकडा, ८६४०० सेकंदांवरून ३०० वर आणला होता, त्यामुळे जुना पत्ता जगभरच्या सर्व्हरांच्या स्मरणात दिवसभर रेंगाळण्याऐवजी काही मिनिटांत निघाला. २४व्या दिवशी साइट नव्या जागी उघडली.

एक चूक माझ्याकडून झाली. ईमेल कुठे पोचवायचं ती एमएक्सची नोंद मी उतरवून घेतली, पण मंडळाच्या नावानं मेल पाठवायचा अधिकार कोणाला, ती एसपीएफची नोंद राहिली. दोन दिवस बाईंची उत्तरं लेखकांच्या स्पॅममध्ये पडत होती. एका लेखकानं फोन करून विचारलं तेव्हा कळलं. बदलापूर्वी जुन्या डीएनएसच्या सगळ्या नोंदी एका कागदावर उतरवून नव्याशी ओळीनं ताडून बघायला मला फार तर अर्धा तास लागला असता.

आता डोमेनचा ईमेल मंडळाचा आहे आणि त्याचा पासवर्ड दोघांकडे. फोल्डरच्या तीन प्रती आहेत. एक होस्टिंगवर, एक दुसऱ्या कंपनीच्या साठवणीत, एक बाईंच्या कपाटातल्या ड्राइव्हवर. प्रत्येक अंक निघाला की संगणक कळणारा सदस्य कपाटातली ड्राइव्ह लावून कुठलाही एक जुना अंक उघडतो आणि त्याचं शेवटचं पान बाईंना दाखवतो. नव्या ढिगातले चाळीस अंक ईपब होऊन साइटवर आलेत, मधल्या साठांपैकी अकरा. खिळ्यांच्या जुळणीतल्या अंकांना अजून हात लागलेला नाही. बाई म्हणतात ती मुद्रितं त्या स्वतःच वाचणार, नव्या रीडरवर, अक्षर मोठं करून.